ताकदीचं इंजेक्शन

४ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तुम्ही हे पत्र फोडलंत, म्हणजे निम्मं काम झालं. बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं न वाचता फाडलंत तरी चालेल. मुलगी झाली. दोन महिने होतील आता. तुम्ही आत्या झालात, तिसऱ्यांदा.

बाळंतपण अगदी सुखाचं झालं. दुपारी जेवून गेले आणि दिवेलागणीच्या आत मोकळी. धाकट्याच्या वेळी माझं काय झालं होतं ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तीन बाटल्या रक्त चढवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की तीन वर्षं पुन्हा दिवस राहता कामा नयेत. या वेळी तशातलं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी पलंगावर बसून चहात बिस्किट बुडवत होते, आणि तुमचा भाऊ शेजारी उभा राहून माझ्यापेक्षा जास्त घाम पुसत होता.

हिला सगळे चिमणी म्हणतात. आई तर दिवसभर तिला मांडीवरून खाली ठेवत नाहीत. दोन नातवांनंतर त्यांना नातच हवी होती, हे तुम्हाला मी कशाला सांगू. फक्त आता त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. नाक कुणासारखं आहे ते बोटानं चाचपून ठरवतात. "हे नाक आपल्याकडचं आहे," एवढंच म्हणाल्या. ते नाक तुमचं आहे, ताई. घरात सगळ्यांना दिसतंय, पण बोलायची कुणाची टाप नाही.

पत्र लिहायचं कारण, तुमचे आभार मानायचे आहेत. दिवस राहू नयेत म्हणून तुम्ही सुरू केलेलं ते इंजेक्शन मी बंद केलं तेव्हा वाटलं होतं, आता महिन्या-दोन महिन्यांत दिवस राहतील. कसलं काय. पाच महिने गेले, सात गेले. कारखान्यातल्या बायका म्हणायला लागल्या, सुया टोचून टोचून कूस वाळवून घेतलीस बाई. मी घाबरले नाही. तुम्ही सांगितलं होतं ना, की शेवटच्या सुईपासून नऊ-दहा महिने लागतात, कुणाला वर्षही लागतं, पण कूस कुठे जात नाही. तेवढ्या वाक्यावर मी ते महिने काढले. दहाव्या महिन्यात दिवस राहिले.

मागे जे झालं ते झालं. तुमची तब्येत कशी आहे?

तुमची भावजय


२९ जानेवारी

ताई,

तुमचं कार्ड आलं. तीनच ओळी. "बाळाचं वजन किती? लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? आईचे डोळे कुणाला दाखवले?" सहा वर्षांनी माणूस पत्र लिहितं आणि तुम्ही केसपेपर भरायला घेता! पण खरं सांगू का, ते कार्ड मी चारदा वाचलं. कारखान्यात नेलं, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. आमचे मुकादम म्हणाले, कुणाचं पत्र आहे एवढं? मी म्हटलं, आमच्या ताई सिस्टर आहेत, त्यांचं.

उत्तरं देते. वजन साडेचार किलो. गोळ्या चालू आहेत, रोज एक, चहाबरोबर घेत नाही. आईंना डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलंय, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरतंय.

आता न विचारलेलं सांगते. तुम्हाला ते ऐकायचा हक्क आहे, कारण तुम्ही सुई दिलीत आणि पुढे त्या सुईचं काय झालं ते तुम्हाला कधी कळलंच नाही.

पहिले तीन महिने मला वैताग आला होता. रोज थोडं थोडं लागायचं. धड पाळी नाही, धड कोरडं नाही. डाग दिसेल म्हणून गडद रंगाचेच कपडे घालायचे. तुम्ही दंडात सुई देताना सांगितलं होतंत, "हे होईल, घाबरून सोडू नकोस, दुसऱ्या-तिसऱ्या सुईला थांबेल." तसंच झालं. दुसरी सुई घेतली आणि पाळी बंदच झाली. मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं. बाइंडिंगचं काम तुम्ही पाहिलंय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलाशी उभं राहायचं. छापील कागदांच्या घड्या घाला, रचा, शिवा, खळ लावा, दाबाखाली ठेवा. पूर्वी त्या चार दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि एकदा तर खळीच्या डब्यातच हात टेकवून बसले होते. रक्त सातवर आलं होतं. वर्षभरात अकरावर गेलं. कटिंगच्या यंत्रावर मला घेतलं ते त्यानंतरच, आधी मुकादम म्हणायचे, तू चक्कर येऊन पात्याखाली जाशील.

पण फुकट काही मिळालं नाही. सहा किलोनं सुटले. ब्लाऊजच्या सगळ्या शिवणी उसवल्या. डोकं दुखायचं, आणि पहिल्या वर्षी चिडचिड इतकी की थोरल्यानं एक दिवस विचारलं, "आई, तू रोज कुणाशी भांडून येतेस?" ते ऐकून मी मोरीत जाऊन रडले. मग ठरवलं की कारखान्यातून येताना दोन स्टॉप आधी उतरायचं आणि चालत यायचं. हाडांसाठीही ते बरं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. सुईनं हाडं जराशी विरळ होतात, बंद केली की पुन्हा भरून येतात, पण तोवर दूध-अंडी सोडायची नाहीत आणि उन्हातून चालायचं. मी चालले, ताई.

आता पुढचं. पाळी बंद झाली आणि पोट जरा सुटलं, यावरून घरात काय समजूत झाली ते तुम्हाला माहीत आहे. आईंनी दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून हिशेब केला आणि एक दिवस माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवला. साय घालून. म्हणाल्या, "मला सगळं कळतं हो. तू आपणहून सांगशील म्हणून थांबले होते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी दूध प्यायले.

तुमची भावजय


१८ फेब्रुवारी

ताई,

या वेळी तुमच्या कार्डावर एकच ओळ होती. "पुढचं लिही, नाहीतर हा विषय सोड." मला सवय आहे तुमच्या बोलण्याची.

लिहिते.

आईंनी मला दूध दिलं, त्यानंतर पाच आठवडे मी गरोदर होते. म्हणजे नव्हते, पण होते. जड उचलू देत नव्हत्या. पिवळी लोकर आणून विणायला बसल्या. एक टोपडं झालं, एक स्वेटर बाहीपर्यंत आला. दोन सुयांवर टाके घालत मला विचारायच्या, पहिल्या दोघांच्या वेळी आंबट खावंसं वाटत होतं, आता गोड वाटतं का? गोड वाटत असेल तर मुलगीच. मी म्हणायचे, हो, जरा गोडच वाटतं. ताई, मला आयतं लाडात घेणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. माझी स्वतःची आई मी चौथीत असताना गेली. रोज ठरवायचे उद्या सांगीन, आणि रोज तो स्वेटर दोन बोटं वाढलेला असायचा.

मग त्या मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. आईंना बाहेर बसवा असं मी म्हणायला हवं होतं. बाईंनी पोट दाबून पाहिलं आणि आईंसमोरच म्हणाल्या, "इथं काही नाही हो. तीन महिन्यांचं इंजेक्शन घेता का तुम्ही?"

आईंचा चेहरा मला अजून दिसतो. मी काय बोलले ते तुम्ही नंतर आईंच्या तोंडून ऐकलंत. माझ्या तोंडून आज पहिल्यांदा ऐका. मी म्हणाले, "ताईंनी दिलं. ताकदीचं आहे म्हणाल्या. मला काही माहीत नव्हतं."

मला काही माहीत नव्हतं! तुम्ही सुई भरण्याआधी माझ्याकडून सगळं पाठ म्हणून घेतलं होतंत. तुमची ती पद्धत साऱ्या वस्तीत प्रसिद्ध होती. आधी स्वतः सांगायचं, मग म्हणायचं, "आता तू मला सांग." मी शाळेतल्या पोरीसारखी हात मागे बांधून म्हटलं होतं. रक्त थोडं थोडं जाईल. मग पाळी थांबेल, ती आत साठत नाही. वजन वाढेल. दर तेरा आठवड्यांनी यायचं, विसरायचं नाही. सुईची जागा चोळायची नाही. यानं दिवस राहत नाहीत, पण आजार अडत नाहीत, त्याला निरोधच लागतो. तिथे मी अडखळले तर तुम्ही म्हणालात, "लाजलीस तर सुई नाही." मग मी मोठ्यानं म्हटलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायका हसल्या. तुम्ही पुन्हा एकदा विचारलंत, "नवऱ्यानं सांगितलं म्हणून आलीस की तुला हवंय?" मी म्हटलं, मला हवंय. मग सही केली.

त्या कार्डावर माझी सही होती, ताई. आईंनी तुम्हाला बोलावून घेतलं तेव्हा ते कार्ड तुमच्या दवाखान्याच्या कपाटात होतं. चालत दहा मिनिटांवर. आईंनी विचारलं, "हिला न सांगता टोचलंस तू?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मोठी कामात गुंतलेली असल्यासारखी धाकट्याच्या अंगड्याचे बंद बांधत होते. तुम्ही म्हणालात, "दवाखान्यात काय होतं ते मी घरी बोलत नाही, आई." आईंनी त्याचाच अर्थ गुन्हा कबूल असा घेतला. "मग या घरात पाऊल टाकू नकोस," म्हणाल्या. तुम्ही चपला घातल्यात आणि गेलात. महिन्याभरात बदली मागून घेतलीत.

अजून एक आहे, आणि ते याहून वाईट आहे. मी सुई सोडली नाही. घरात तुमचं नाव काढायची बंदी होती आणि मी दर तेरा आठवड्यांनी कागदाच्या गोदामात जाते सांगून तुमच्याच दवाखान्यात जात होते. साडेचार वर्षं. ज्या सुईपायी तुम्हाला घराबाहेर काढलं, तिच्या जिवावर मी दोन पोरं वाढवली, अंगात रक्त भरलं, यंत्रावर उभी राहिले.

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा दारातूनच परत फिरणार होते. वाटलं, नव्या सिस्टर घरी कळवतील, नाहीतर हाकलतील. त्यांनी माझं कार्ड काढलं. त्याला टाचणीनं एक चिठ्ठी लावली होती, तुमच्या अक्षरात. "ही बाई येईल. तारीख चुकवू देऊ नका. रक्त तपासा. घरी निरोप पाठवू नका, नवऱ्याकडे किंवा सासूकडे काही बोलू नका." खाली तुमची सही आणि तारीख. आईंनी तुम्हाला घालवल्यानंतर तीन दिवसांची.

ती चिठ्ठी वाचून मी त्या स्टुलावर बसून जी रडले, त्या बिचाऱ्या नव्या सिस्टरांना वाटलं मी सुईला घाबरते. म्हणाल्या, "अहो, मुंगी चावल्यासारखं होतं फक्त." तरीही मी घरी येऊन तोंड उघडलं नाही. दर वेळी दंड पुढे करायचे आणि तुमचे आभार मानायचे, मनातल्या मनात. त्याला काय अर्थ आहे? ज्यांचे मानायचे त्यांना ऐकू गेले पाहिजेत, आणि ज्यांच्यापासून लपवले त्यांनाही.

परवा आईंचं ऑपरेशन झालं. पट्टी होती तेव्हा त्या झोपेत तुम्हाला हाक मारत होत्या. तुमचं घरातलं नाव मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. जागेपणी विचारलं तर म्हणाल्या, छे, मी कुणाला कशाला हाक मारू.

मी त्यांना सांगणार आहे. उद्यापासून मला भित्री म्हणायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून तुम्हाला आधी लिहून टाकते. त्या मला घराबाहेर काढतील का, माहीत नाही. काढलं तर चिमणीला घेऊन कारखान्यातल्या मैत्रिणीकडे जाईन. पण तुम्ही माझ्यामुळे लेक असून परक्या झालात, हे आता मला गिळवत नाही.

तुमची भावजय


६ मार्च

ताई,

सांगितलं.

ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचे असतात आणि मग दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं. ते काम माझ्याकडे आहे. मी विचार केला, त्या माझ्याकडे बघत असताना माझ्याच्यानं बोलवणार नाही, तेव्हा हीच वेळ. आहे मी अजूनही थोडी भित्रीच. रविवारी दुपारी थेंब घातले, त्यांनी डोळे मिटले, आणि मी बोलायला लागले. दुधाच्या पेल्यापासून सुरू केलं आणि तुमच्या चिठ्ठीपर्यंत आले. मधे एकदाही थांबले नाही. चिमणी पाळण्यात हात-पाय झाडत होती, तेवढाच काय तो आवाज.

दहा मिनिटं संपली. पंधरा झाली, वीस झाली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या पापण्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी घाबरून म्हटलं, आई, रडू नका हो, टाके आहेत. त्या म्हणाल्या, "टाक्यांचं मला सांगू नकोस." मग विचारलं, "तिनं तेव्हा का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "मी त्यांची पेशंट होते."

"आणि मी तिची आई होते," त्या म्हणाल्या. "मला तिनं एका शब्दानं सांगितलं असतं तर?"

"तर त्या सिस्टर राहिल्या नसत्या, आई. आणि तुम्ही मला सुई घेऊ दिली नसती."

खरं आहे की नाही हे त्यांनाच ठाऊक. त्यानंतर तीन दिवस त्यांनी माझ्या हातून थेंब घालून घेतले नाहीत. तुमचा भाऊ घालायचा, निम्मे गालावर सांडायचे. त्यालाही मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं. औषधांची खोकी पोचवायला त्या दवाखान्यात गेलो होतो, तू बाकावर बसली होतीस. मी व्हॅन मागे घेतली." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाला, "बोललो असतो तर तू जायची थांबली असतीस. आणि ताईचं काय केलं ते मला विचारावं लागलं असतं." घ्या. आमच्या दोघांचं खातं एकाच दुकानात होतं म्हणायचं. तुमच्या जिवावर आम्ही दोघं गप्प बसून सुखानं राहिलो. तो फार शरमलाय, ताई, पण त्याला असलं काही लिहिता येत नाही म्हणून मी लिहिते.

चौथ्या दिवशी सकाळी आई स्वतः माझ्यापाशी आल्या. डोळ्यांवर तो काळा चष्मा. थेंबांची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घाल. त्याला काही जमत नाही." थेंब घालून झाल्यावर मिटल्या डोळ्यांनीच बोलायला लागल्या. माझ्यावर चिडल्या, चांगल्या चिडल्या. काय काय बोलल्या ते लिहीत नाही, माझं मी ठेवून घेते, ते माझ्याच वाट्याचं आहे. शेवटी म्हणाल्या, "तू घाबरलीस ते मला समजतं. मी तशीच सासू होते. पण मी माझ्या पोरीला एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकायच्या आधी दार दाखवलं. ते काही तू करायला लावलं नाहीस."

मी विचारलं, ताईंना बोलावू का? मी पत्र लिहिते, त्या येतील.

"खबरदार," म्हणाल्या. "बोलवायचं नाही तिला. मी घालवलं, मीच जाणार."

डॉक्टरांनी महिनाभर प्रवास नको म्हटलंय असं मी सांगून पाहिलं. तुमचा भाऊही बोलला. काही उपयोग नाही. तुमच्यावरच गेल्यात. काल दिवसभर मला पिशवी भरायला लावली, चार वेळा रिकामी करायला लावली. एकच पातळ तीनदा बदललं. तिला कुठला रंग आवडतो, विचारत होत्या, मला कुठे माहीत!

तर ताई, हे पत्र पोस्टात टाकत नाही. व्हॅनमध्ये मांडीवर ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आहे. तुमचा भाऊ हळू चालवतोय. मागे खोक्यांच्या जागी गादी घातलीय, आई तिथे चिमणीला घेऊन बसल्यात आणि दर पाच मिनिटांनी विचारतायत, आलं का. चिमणीचा चेहरा आता त्यांना दिसतो. सकाळी उजेडात धरून पुष्कळ वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "हे तर तिचंच नाक."

मी वर येणार नाही. तुम्ही बोलावल्याशिवाय यायचा मला हक्क नाही. पत्र आईंच्या हातात देऊन मी खाली गाडीत बसेन. दार वाजलं की उघडायला उशीर करू नका. आणि पत्र नंतर वाचा, आधी त्यांचा हात धरा. तुमच्या उंबऱ्याची उंची त्यांना अजून डोळ्यांनी कळायची नाही.

तुमची भावजय